काम असेल तर सांगा

रविवारची शेवटची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की दानाच्या पिशव्या मोजायला आम्ही काही जण चर्चच्या ऑफिसामागच्या खोलीत बसतो. लांब टेबल, त्यावर कडा उसवलेलं मेणकापड, आणि खिडकीशी एक जुना पंखा. जोरात लावला तर नोटा उडतात, हळू ठेवला तर घाम पुसत बसावं लागतं. लाकडी दांड्याच्या लाल मखमली पिशव्या उलट्या केल्या की आधी नाणी घरंगळतात, मग नोटा पडतात. प्रत्येकाची घडी घालायची रीत वेगळी. मासळी विकणारीची नोट ओलसर असते, मोगऱ्याच्या वाडीतून आलेल्या नोटेला बारीक गोड वास असतो, दूधवाल्याची नोट रबरात राहून वळलेली असते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी या टेबलाशी आहे. नोट हातात घेतली की ती कोणत्या आळीतून आली असावी, याचा अंदाज येतो. पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी दहा-वीसच्या नोटांमधून मेडिकल स्टोअरच्या बिलाची चतकोर घडी निघाली. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेनने, शाळेत घोटून घेतलेल्या गोल अक्षरात लिहिलं होतं : ‘पैसे नाहीत. काम असेल तर सांगा.’

नाव नव्हतं. नंबर नव्हता.

हिशेब लिहिणारे काका आयुष्यभर बँकेत होते. त्यांनी चष्मा वर सारून चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, “नोकरी गेली असेल कोणाची. व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांकडे देऊ, गरजूंचं तेच बघतात.” माझ्या शेजारच्या मावशींना ते पटलं नाही. “नोकरी हवी असेल तर माणूस पिशवीत चिठ्ठी कशाला टाकेल? फादरना भेटेल. टाकायला काही नव्हतं त्याच्याकडे, म्हणून हात देतोय तो.” काकांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मी बिल उलटून पाहिलं. पेशंटचं नाव होतं तो भाग फाडून काढलेला. उरल्या होत्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि खोकल्याचं एक औषध. शेवटी काकांनी ती चिठ्ठी हिशेबाच्या वहीला टाचणीने लावली आणि आम्ही पुन्हा दहाच्या गड्ड्या बांधू लागलो. दोघांचंही म्हणणं खरं असू शकत होतं. मला मात्र ती चिठ्ठी आठवडाभर सोडेना. भाकरी थापताना, संध्याकाळी ओटीवर बसले असताना तेच गोल अक्षर समोर यायचं. कारण २०२० च्या एप्रिलमध्ये फादरना फोन करून जवळपास हेच मी म्हटलं होतं. पैशांची अडचण नव्हती माझी, पेन्शन चालू होती. पण रिकाम्या घरात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसणं जमेना, आणि हे सांगायलाही दुसरे शब्द सापडेनात.

त्या वर्षी प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, अर्ध्यावर आला होता आणि कोविडमुळे चर्चचं दार बंद झालं. आमचा वसईचा किनारपट्टा बाहेरच्यांना केळीसाठी माहीत, पण गेली कित्येक वर्षं आमच्या गावातली निम्मी घरं फुलांवर चालतात. जास्वंद, मोगरा, सोनचाफा. पहाटे अंधारात कळ्या खुडायच्या, टोपलीत ओलं फडकं घालून त्या पहिल्या लोकलने दादरला पोचवायच्या. क्रूसाची खूण करून घरातून निघालेली बाई गणपतीच्या पायाशी जाणारी जास्वंद विकते आणि त्या पैशांतून मुलाची फी भरते, यात आम्हाला कधी काही वेगळं वाटलं नाही. १६ मार्चला सिद्धिविनायकाचं मंदिर बंद झालं, मग लोकल थांबल्या, आणि आमच्या वाड्यांमध्ये फुलं झाडावरच राहिली. मोगऱ्याचं झाड न खुडता ठेवलं तर दुपारपर्यंत फुलं तपकिरी होतात, आणि वास इतका दाट होतो की त्याची किळस यावी. पलीकडच्या वाडीतला शेतकरी रोज सकाळी कळ्या खुडायचा आणि झाडाच्या बुंध्याशीच ओतायचा. खुडल्या नाहीत तर झाड बहर धरणं सोडतं, म्हणून खुडायच्याच. त्याची बायको दारात उभी राहून बघायची आणि आत जायची. देवाची सगळी दारं एकदम लागली आणि त्यांच्याबरोबर आमच्या चुलीही मंदावल्या. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी माडाच्या झावळ्या घरोघरी होत्या, आशीर्वाद द्यायला कोणी नव्हतं. लोकांनी आपापल्या हाताने त्यांचे क्रूस विणले आणि गेटला बांधले.

स्वयंपाकघर सुरू झालं ते कोणाच्या मोठ्या विचाराने नाही. भाजीला गिऱ्हाईक नव्हतं. एका रात्री कोणीतरी चर्चच्या फाटकाशी वांग्यांची दोन पोती ठेवून गेलं. दुसऱ्या दिवशी दुधी आले, मग लाल भोपळे, मग केळीचे घड. फादर सकाळी फाटक उघडायला गेले तर पोत्यांना अडखळले. फेकायचं कसं? त्यांनी फोन फिरवले. मांडववाल्याने मोठे टोप आणि झारे दिले, लग्नं नाहीतच, भाडं कसलं घेऊ म्हणाला. पोलिसांकडून पास आले. चर्चच्या हॉलमध्ये, जिथे लग्नाची जेवणं व्हायची, तिथे खिचडी शिजू लागली. जेवण जायचं वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांमधल्या कामगारांकडे, बांधकामावर अडकून पडलेल्या कुटुंबांकडे, पूर्वेच्या आदिवासी पाड्यांवर. मे महिन्यात श्रमिक गाड्यांसाठी सनसिटीच्या मैदानावर माणसांचा समुद्र जमला, तेव्हा आमच्या पोरांनी तिथे पाणी आणि केळी पोचवली. परतल्यावर त्यातला एक जण हॉलच्या पायरीवर बसून राहिला. पोरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, “एक बाई दोन मुलं घेऊन उन्हात बसली होती. केळं दिलं तर आधी मला विचारलं, तुम्ही खाल्लं का?”

मला साठीपुढची म्हणून हॉलवर येऊ देईनात. पासष्टीच्या वरच्यांना तर घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. फादरना मी फोन केला तो याच काळात. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “टीचर, लसूण सोलाल?” रोजच्या खिचडीला आणि आमटीला किलोंनी लसूण लागायचा आणि सोलायलाच तरुण बायकांचे दोन तास जात होते. दुसऱ्या दिवसापासून सायकलवरचा मुलगा घराघरांच्या गेटला लसणाच्या पिशव्या अडकवून जाऊ लागला. संध्याकाळी सोललेल्या पाकळ्यांचे डबे गोळा करायचा. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या लसूण सोलत होत्या. बोटांना वास इतका मुरला की झोपेत कूस बदलली तरी नाकाला जाणवायचा. आमच्या मागच्या आळीत एक मावशी आहेत, लाल लुगडं नेसणाऱ्या शेवटच्या काही जणींपैकी. नवरा आधीच गेलेला, मुलगा आखातात अडकलेला. मार्चअखेरीस त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं, शेजारची सून डबा ठेवायची तो तसाच परत यायचा. त्यांच्याही गेटला पिशवी गेली. चार दिवसांनी त्यांचा मला फोन आला. “टीचर, तुमचा किती होतो? माझा कालचा दीड किलो झाला.” आवाजात ती जुनी धार होती, पूर्वी बाजारात कोथिंबिरीची जुडी मोठी बांधायला लावणारी. त्या दिवशी त्यांनी भातही खाल्ला, हे मला सुनेकडून नंतर कळलं.

आशा म्हणजे काय, हे मला तेव्हापासून विचारलं तर मी त्या दीड किलोचं सांगते.

प्रवचनं त्या काळातही होती. मोबाईलवर रोज मिस्सा दिसायची. २७ मार्चच्या रात्री रोमच्या रिकाम्या चौकात पावसात एकटे उभे असलेले पोप फ्रान्सिस मी पाहिले. बायबलमधल्या, वादळात सापडलेल्या होडीबद्दल ते बोलत होते. आमच्या कोळीवाड्यातल्या घरांमध्ये तो उतारा ऐकताना काय झालं असेल ते मी समजू शकते. मला रडू आलं. पण स्क्रीन बंद झाल्यावर पुन्हा घड्याळाची टिकटिक सुरू. सकाळी उठायला कारण दिलं ते गेटवरच्या पिशवीने. कोणीतरी आपली वाट बघतंय, संध्याकाळी साडेपाचला सायकल येणार आहे आणि तोवर डबा भरायलाच हवा, एवढी साधी गोष्ट होती ती. श्रद्धा माझ्याकडे आधीही होती. कोणालातरी माझी गरज आहे, हे मधल्या काळात हरवलं होतं.

घंटा मात्र कधी बंद पडली नाही. घंटा वाजवणारे काका दुपारी बारा आणि संध्याकाळी सातला चुकले नाहीत. बंद चर्चमधून येणारा तो आवाज ऐकून लोक आपापल्या ओटीवर उभे राहायचे आणि ‘नमो मारिया’ सुरू व्हायचं. या घरातून त्या घरात, थोडं पुढेमागे, आळीभर. मयताची घंटा वेगळी असते, संथ, मध्ये श्वास घेतल्यासारखी. ती ऐकू आली की कोण, हे विचारायला शेजाऱ्याकडे जायची सोय उरली नव्हती. आमच्या आळीच्या टोकाला एक जुना दगडी क्रूस आहे. मुंबई-साष्टीतल्या गावठाणांमध्ये असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची : साथ आली तेव्हा लोक घरं सोडून वाडीत झापांच्या खोपी बांधून राहिले, आणि संध्याकाळी क्रूसाजवळ अंतर ठेवून उभे राहून जपमाळ म्हणायचे. लहानपणी मला ती गोष्ट लांबची वाटायची. २०२० मध्ये त्याच क्रूसाला लोक येता-जाता लांबून हात जोडताना पाहिले आणि आजीची आई मला शेजारीण वाटू लागली. त्याच्याही आधी, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्रीही गेले. इथली माणसं इथेच राहिली. त्यांनी काय केलं असेल? शेत केलं असेल, मुलांना क्रूसाची खूण शिकवली असेल, एकमेकांची मयतं उचलली असतील. त्यांची नावं कुठे नाहीत. पण रविवारी चर्च भरतं, म्हणजे त्यांनी ते केलं.

आमच्या पिढीला एकमेकांसाठी उभं राहायची ही सवय लावली ती फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. वसईबाहेरच्या वाचकांना ते लेखक म्हणून माहीत आहेत. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. आम्हाला ते त्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर दिसले होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ लागला, टँकर विहिरी उपसून नेऊ लागले, तेव्हा हरित वसईच्या चळवळीत सगळ्या धर्मांची माणसं एकत्र आली. मी तेव्हा नवीन शिक्षिका होते. घर, वाडी, बाजार आणि चर्च यापलीकडे कधी न गेलेल्या बायका लाल लुगड्यात मोर्च्याला निघाल्या, ते दृश्य मी विसरू शकत नाही. प्रार्थनेला जाण्याइतकंच गंभीर चेहऱ्याने त्या चालत होत्या. विहिरीतलं पाणी हासुद्धा भक्तीचा विषय आहे, हे त्या वेळी आम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही. चालता चालता कळलं. २५ जुलै २०२४ ला फादर दिब्रिटो गेले. नंदाखालच्या चर्चमध्ये त्यांना निरोप द्यायला आलेल्यांत किती तऱ्हेची माणसं होती, हे वसईकराला सांगायला नको. २०२० मध्ये आमच्याकडे घरांच्या याद्या तयार होत्या, कोणत्या आळीत कोण एकटं आहे हे लिहिलेलं होतं. ते त्या जुन्या दिवसांचंच देणं होतं. मोर्च्याला माणसं जमवताना केलेल्या याद्याच पुढे पुढे वाढत आल्या. २०१८ च्या जुलैत वसई पाण्यात बुडाली, दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हाही त्याच वह्या उघडल्या होत्या.

दुसरी लाट मात्र वेगळी होती. तिच्याबद्दल लिहिताना मी अजून अडखळते. ४ एप्रिल २०२१ ला पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, झाला, आणि दुसऱ्याच दिवशी चर्च पुन्हा बंद. त्यानंतरचे सहा-सात आठवडे म्हणजे फोन, ऑक्सिजन, बेड, पुन्हा फोन. २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि सकाळी गावात कोणी कोणाशी बोलेना. मयताची घंटा एकाच दिवसात दोनदा ऐकली आम्ही. आमच्या दफनभूमीत पीपीई किट घातलेली चार पोरं शवपेटी उतरवायची, वीस माणसांची परवानगी, तीही यायला घाबरायची. उन्हात त्या प्लॅस्टिकच्या आत पोरं घामाने निथळायची. त्यात एक होता, फुलांचा टेम्पो चालवणारा. फुलं बंद, म्हणून टेम्पो रिकामा. त्यातून तो पेशंट न्यायचा, सिलिंडर आणायचा. मग त्याचेच वडील गेले. चांगल्या पायांनी चालत हॉस्पिटलात शिरले होते ते. चेहरा शेवटचा बघायला मिळाला नाही त्याला. मिळाली ती बंद पेटी, आणि ती त्यानेच उतरवली. माझा विद्यार्थी तो, सातवी ब. मातीची मूठ टाकून तो बाजूला झाला आणि हातमोजे काढून कितीतरी वेळ नुसता हात बघत राहिला. मी वीसजणांत नव्हते. दफनभूमीच्या कुंपणाबाहेरून पाहिलं.

१७ मे ला तौक्ते चक्रीवादळ आलं आणि उरल्यासुरल्या केळी आडव्या झाल्या.

दारं उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आत शिरले तेव्हा ओल्या लाकडाचा आणि जुन्या मेणाचा वास दाटून आला. बाकांवर एकाआड एक बसण्याच्या खुणा चिकटवलेल्या होत्या, पण मोकळ्या जागा त्या खुणांमुळे होत्या असं कोणाला वाटलं नाही. आपल्याकडे माणसं ठरलेल्या बाकावरच बसतात. खांबाजवळचा तिसरा बाक कोणाचा, सांता आंतोनच्या पुतळ्याखालचा कोणाचा, हे सगळ्यांना माहीत. त्या रविवारी लोक आपापल्या जागी बसले आणि कोणाच्या जागा रिकाम्या राहिल्या ते मान न वळवता दिसत होतं. गायनवृंदाने पहिलं गाणं सुरू केलं आणि मधल्या कडव्याला आवाज तुटला. काही क्षण नुसती पेटी वाजत राहिली. मग मागून, बाकांमधून, लोकांनी ते कडवं उचललं. खालच्या पट्टीत, बेसूर, पण पूर्ण केलं. टेम्पोवाला त्या दिवशी नव्हता. नंतरही आला नाही. त्याची आई एकटी येते.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की आपलं चर्च हल्ली समाजकार्याचं केंद्र झालंय, प्रार्थना मागे पडली. सभेत हे बोललं जातं तेव्हा मी गप्प बसत नाही. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असंही मला म्हणता येत नाही. गुडघे टेकून शांत बसणारी माणसं कमी झाली आहेत. जपमाळेच्या महिन्यात पूर्वी घराघरातून आवाज यायचा, आता टीव्हीचा येतो. जमिनी विकल्या गेल्या, मुलं परदेशी गेली, काही वाड्यांवर सात मजली इमारती उभ्या आहेत. हे सगळं मला बोचतं. तरी मी त्यांना सांगते की लसूण सोलताना मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आयुष्यात केली नसेल. प्रत्येक पाकळीला एक नाव घ्यायचे मी. आजारी असलेल्यांची, गेलेल्यांची, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची. नावं संपायची आणि लसूण उरायचा.

तर ती चिठ्ठी. हिशेबाच्या वहीला टोचलेली ती पुढच्या रविवारपर्यंत तशीच होती. मी ती फादरना नेऊन दाखवली आणि मिस्सानंतरच्या सूचनांत सांगा म्हटलं. ते जरा थांबले. कोणाची अब्रू उघडी पडायला नको, असं त्यांना वाटत होतं. शेवटी लग्नाच्या हाका, म्हणजे ठरलेल्या लग्नांची घोषणा, आणि आजाऱ्यांची नावं वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, “गेल्या रविवारी एकाने पिशवीत चिठ्ठी टाकली, काम असेल तर सांगा. काम आहे. ऑफिसात येऊन भेटा.” मी समजत होते एखादं माणूस दबकत येईल. त्या आठवड्यात ऑफिसात बरीच माणसं येऊन गेली. वयस्क गृहस्थ आले, कंपनीतून निवृत्त, बायको दुसऱ्या लाटेत गेलेली. एक तरुण बाई आली, तिचा नवरा कामावरून सुटलेला आणि घरभाडं थकलेलं. कॉलेजच्या दोन मुली आल्या. प्रत्येकाने आधी हेच सांगितलं की चिठ्ठी माझी नाही. मग म्हणाले, पण काम असेल तर मलाही सांगा. कोणाला पैसे हवे होते, कोणाला नको होते. काका आणि मावशी, दोघांचंही खरं निघालं. चिठ्ठी टाकणारं माणूस त्यांच्यात होतं की नाही, ते आजतागायत कळलेलं नाही.

काम शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गावामागे आमचं बावखल आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : पूर्वजांनी वाड्यांच्या मधोमध खणून ठेवलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, आजूबाजूच्या विहिरी त्यामुळे गोड राहतात, समुद्र एवढा जवळ असूनही. जोराचा पाऊस झाला की गावातलं पाणी आधी तिथे जाऊन थांबतं. वसईतली कितीतरी बावखलं भराव घालून बुजवली गेली आणि मग पुराला आपण पावसाला जबाबदार धरतो. आमचं वाचलं होतं, पण गाळाने आणि जलपर्णीने भरून गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर गाळ काढायचं ठरलं. ज्यांना मजुरीची गरज होती त्यांना दानातून रोजची मजुरी दिली. काकांनी वहीत त्याचं वेगळं पान उघडलं. बाकीचे रविवारी दुपारी उतरायचे. कमरेइतक्या चिखलात, डोक्यावरून घमेली. निवृत्त गृहस्थ काठावर उभे राहून मोजायचे आणि मधूनच स्वतः उतरायचे. गाळ वाड्यांमध्ये गेला, केळीला त्याच्यासारखं खत नाही. घरभाडं थकलेल्या त्या बाईला लसूणवाल्या मावशींनी हाताशी धरलं. मावशी सुकेळी करतात. राजेळी केळी नीट पिकवायची, सोलून उन्हात मांडायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी. मधाच्या रंगाची झाली की केळीच्या सुक्या पानात बांधायची. हे करणारी घरं आता हातावर मोजण्याइतकी उरली आहेत. आळीतल्या सुनांना त्यात रस नव्हता. ही बाई मूळची आमच्यातली नाही, सोलापूरकडून आलेली, चर्चला शेजारणीबरोबर यायची. पहिल्या खेपेला तिची अर्धी केळी काळी पडली. मावशींनी तिला फैलावर घेतलं आणि पुन्हा घड आणून दिला. आता नाताळाच्या बाजारात तिचं स्वतःचं टेबल असतं.

गाळ वाहायला टेम्पो लागला तेव्हा कोणाला सांगायचं हा प्रश्नच नव्हता. तो आला. आला म्हणजे रोज आला, डिझेलचे पैसेही घ्यायला तयार नव्हता. फादर काठावर उभे होते, तो त्यांच्याशी अदबीने बोलला आणि सरळ सांगितलं, “फादर, मिस्साला मला बोलवू नका. गाडीचं कधीही सांगा.” फादर हो म्हणाले, आणखी काही बोलले नाहीत. गावात यावर दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, तो करतोय तीच त्याची मिस्सा. ऐकायला हे छान वाटतं, पण मला ते पुरत नाही. तो रागावलेला आहे. देवावर रागावायचा त्याला हक्क आहे, आणि तो राग घेऊन यायची जागासुद्धा चर्चच आहे, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या आईच्या शेजारी बाकावर एक जागा रिकामी राहते, ती मला दर रविवारी दिसते. हे मी त्याला एकदा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, “टीचर, बसा, तुम्हाला घरी सोडतो,” म्हणाला, आणि वाटभर गाडीतला रेडिओ चालू ठेवला.

या पावसाळ्याची सभा मागच्या आठवड्यात झाली. हॉलमध्ये तांदूळ, मेणबत्त्या, दोन भरलेले सिलिंडर जूनच्या आत हवेत. आळीप्रमाणे एकट्या राहणाऱ्यांची यादी मुली नव्याने करताहेत. बावखलाचा सांडवा एका जागी खचलाय, तो बांधायला गवंडी ठरलाय. तांदळाची पोती शनिवारी विरारच्या बाजारातून आणायची आहेत. टेम्पो त्याचाच. सोबत कोणी जायचं असं फादरनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. तासभराचा रस्ता आहे, आणि निघायच्या आधी मी त्याला रेडिओ बंद ठेवायला सांगणार आहे.